गर्भाशयमुखाची तपासणी: तारीख धरण्यापासून रिपोर्टच्या पुढच्या पावलापर्यंत

"माझं झालंय. दोन वर्षांपूर्वी शिबिरात केलं होतं."

कोणती तपासणी?

"ती नाही का, खालून घेतात ती."

रिपोर्ट काय आला?

"काही फोन आला नाही. म्हणजे चांगलाच असणार."

लालबाग, नायगाव, वडाळा या भागातल्या चाळींमधून आणि वस्त्यांमधून मी बायकांना तपासणीला घेऊन जाते. हे संभाषण मला आता पाठ झालंय. तीन उत्तरं आणि तिन्हींत चूक. काय तपासलं ते ठाऊक नाही, निकाल ठाऊक नाही, आणि फोन आला नाही यालाच निकाल मानलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकासुद्धा नेमक्या इथेच घसरतात, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम पटेल. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. तिथून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. एवढ्या काळात ना दुखतं ना खुपतं. तपासणी करायची ती याच काळात, काहीही होत नसताना.

१. तुमची गरज तपासणीची आहे की उपचाराची?

पहिला प्रश्न वयाचा नाही, त्रासाचा आहे. संबंधानंतर रक्त जातं का? दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून लाल जातं का? पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसला का? पाण्यासारखा, घाण वासाचा स्राव जातो का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल, तर शिबिराची वाट बघू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात ही तक्रार सांगा. जुना रिपोर्ट चांगला असला तरी जायचंच. तपासणी बिनत्रासाच्या बाईसाठी असते. त्रास असलेल्या बाईला निदान लागतं.

त्रास नसेल, तर मग वय बघा. ३० ते ६५ या वयातल्या बाईनं नियमानं तपासणी करावी. ३०च्या आधी एचपीव्ही तपासणीची घाई नको, कारण त्या वयात विषाणू पुष्कळांना असतो आणि निघूनही जातो. उगाच पॉझिटिव्ह रिपोर्ट येतो आणि झोप उडते. एचआयव्ही असलेल्या बाईंचं मात्र वेगळं. त्यांनी २५व्या वर्षापासून सुरुवात करावी आणि दर ३ ते ५ वर्षांनी करावी, कारण प्रतिकारशक्ती कमी असली की बदल लवकर होतात.

आता "मला गरज नाही" असं वाटायला लावणारी कारणं बघू. ही मी रोज ऐकते.

"नवरा जाऊन बारा वर्षं झाली, आता कशाला?" विषाणू वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. विधवा, घटस्फोटित, एकट्या राहणाऱ्या बायकांनाही तपासणी तितकीच लागते. खरं तर त्याच सगळ्यात जास्त सुटतात.

"माझं ऑपरेशन झालंय." कोणतं? मुलं बंद करण्याचं असेल तर गर्भाशयमुख जागेवरच आहे, तपासणी करायची. पिशवी काढली असेल तर जुना डिस्चार्ज कागद शोधा. गर्भाशयमुखासकट पूर्ण पिशवी काढली असेल आणि कारण गाठी किंवा जास्त रक्तस्राव असं साधं असेल, तर सहसा गरज उरत नाही. तोंड ठेवून वरची पिशवी काढली असेल तर गरज आहे. पिशवी काढण्याचं कारणच पेशींमधले बदल असतील, तरीही तपासणी चालू ठेवायची.

"मी लस घेतलीय." चांगलं केलं, पण कोणतीही लस एचपीव्हीचे सगळे धोकादायक प्रकार अडवत नाही. तपासणी चालूच राहील.

"पाळी गेली, आता काय?" ६५पर्यंत करायची. आजवर एकदाही केली नसेल तर साठीतही करा.

अविवाहित मुलींना खिडकीवर "लग्न झालंय का?" एवढंच विचारतात आणि "नाही" म्हटलं की परत पाठवतात, असं घडतं. प्रश्न लग्नाचा नाही, शरीरसंबंधाचा आहे. तुमचं वय बसत असेल आणि संबंध आला असेल, तर डॉक्टरांना एकांतात तसं स्पष्ट सांगा. कधीच संबंध आला नसेल तर धोका फारच कमी असतो.

थांबा, तपासा: तुम्ही गरोदर आहात का? किंवा बाळंतपण होऊन तीन महिने व्हायचे आहेत का? यातलं एकही "हो" असेल, तर तारीख पुढे न्यायची का ते डॉक्टरांना विचारा.

२. तपासणीचं नाव विचारून घ्या

"खालची तपासणी" असं कोणत्याही तपासणीचं नाव नाही. मुंबईत तुम्हाला तीनपैकी एक मिळेल.

एचपीव्ही डीएनए तपासणी: ब्रशनं नमुना घेऊन त्यात विषाणूचे धोकादायक प्रकार आहेत का ते यंत्रावर बघतात. सध्या जागतिक आरोग्य संघटना हीच पहिल्या पसंतीची तपासणी मानते. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पुढची ५ वर्षांनी.

पॅप: गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर किंवा द्रवात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यात विषाणू दिसत नाही, पेशी बदलल्या आहेत का ते दिसतं. दर ३ वर्षांनी करायची.

व्हीआयए: गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावून एक मिनिट थांबतात आणि पांढरा डाग उठतो का ते बघतात. निकाल तिथल्या तिथे. दर ३ ते ५ वर्षांनी. सरकारी कार्यक्रमात आणि शिबिरांत बहुधा हीच असते. "व्हिनेगर लावून काय कळणार" म्हणून हिला नाक मुरडू नका. टाटा मेमोरियलनं मुंबईच्याच वस्त्यांमध्ये, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून ही तपासणी वर्षानुवर्षं करून घेतली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. तिची मर्यादाही ओळखा. पाळी गेल्यावर बदल होण्याची जागा आत सरकते आणि डोळ्यांना नीट दिसत नाही. पन्नाशीच्या पुढे शक्यतो एचपीव्ही किंवा पॅप मागा.

तिन्ही समोर असतील आणि वय तिशीपुढचं असेल, तर मी एचपीव्हीच घ्यायला सांगते. जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३० हजार बायकांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण एचपीव्हीसाठी पैसे साठवायचे म्हणून फुकटची व्हीआयए सोडणं, हे करू नका. आज मिळते ती करा.

कुठे जायचं? महापालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं आहेत. बायकांसाठीची कामा आणि वाडिया आहेत. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग प्रतिबंधाचा वेगळा विभाग आहे. महापालिकेचा जवळचा "आपला दवाखाना" किंवा आरोग्य केंद्र किमान पुढे कुठे जायचं ते सांगतं. निघण्याआधी फोन करून किंवा तुमच्या भागातल्या आरोग्यसेविकेकडून चार गोष्टी विचारा: तिथे यातली कोणती तपासणी होते, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत केसपेपर काढतात, आणि रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो. चौथा प्रश्न कुणीच विचारत नाही.

खासगी लॅबमध्ये करणार असाल तर आणखी एक प्रश्न: "यात १६ आणि १८ वेगळे कळतात का?" धोकादायक प्रकार साधारण १४ आहेत. पण १६ आणि १८ या दोघांमुळेच सुमारे ७० टक्के कर्करोग होतात, म्हणून ते सुटे कळणं पुढच्या निर्णयाला उपयोगी पडतं. चामखीळ आणणारे कमी धोक्याचे प्रकार तपासून घेण्यात कर्करोगाच्या दृष्टीनं काही अर्थ नाही.

सावधान: सोनोग्राफी, रक्ताची तपासणी, लघवीची नेहमीची तपासणी, अंगावरून पांढरं जातं म्हणून घेतलेला जंतूंचा स्वॅब, यातली एकही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी नव्हे. "सोनोग्राफी नॉर्मल आहे" म्हणून निश्चिंत बसलेल्या बायका मला प्रत्येक फेरीत भेटतात.

३. तारीख धरा

पाळी चालू असताना जाऊ नका. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून १०व्या ते २०व्या दिवसातला एखादा दिवस धरा. पाळी गेलेल्यांना कोणताही दिवस चालतो.

आधीचे ४८ तास शरीरसंबंध नको. योनीत ठेवायची गोळी किंवा मलम नको, आतून धुणं नको. या शेवटच्या गोष्टीवर जास्त बोलते, कारण चूक इथेच होते. डॉक्टर बघणार म्हणून बायका सकाळी आतपर्यंत पाणी मारून, कधी साबण, कधी डेटॉल लावून येतात. ज्या पेशी घ्यायच्या त्याच धुऊन निघतात आणि रिपोर्टवर "नमुना अपुरा" येतो. बाहेरून नेहमीची अंघोळ करा, तेवढं पुरे. केस काढायचीही गरज नाही.

संसर्गासाठी योनीतल्या गोळ्यांचा कोर्स चालू असेल तर तो पुरा करा, मग तारीख धरा. तपासणीसाठी औषध अर्धवट सोडू नका. तांबी बसवलेली असेल तर काढायची नाही, तपासणी तशीच होते. उपाशीपोटी येण्याचीही गरज नाही. उलट दोन घास खाऊन या, रांगेत चक्कर येत नाही.

४. घरून निघताना

आधार कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जचा कागद. सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. कपडे असे की कमरेखालचं पटकन सोडवता येईल. साडी किंवा सैल कुर्ता बरा पडतो. एक पॅड पिशवीत टाका.

आता दोन गोष्टी, ज्यांच्यामुळे चांगली झालेली तपासणी वाया जाते.

नाव. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, खिडकीवर घाईत तिसरंच सांगितलं जातं. मग रिपोर्ट सापडत नाही. आधारवर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं केसपेपरवर लिहून घ्या आणि खिडकीवरून हलण्याआधी वाचून बघा. वाचता येत नसेल तर रांगेतल्या पोरीकडून वाचून घ्या.

फोन नंबर. इथे बहुतेक बायका नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर देतात. एका मावशींच्या मुलाला मेसेज आला, "रिपोर्ट घेऊन भेटावे." त्यानं वाचला आणि वर सरकवला. आईची खालची तपासणी, बोलायचं कसं, असं त्याला वाटलं असणार. त्याचा राग करावा असं मला वाटत नाही. पण त्या मावशी कोल्पोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघण्याच्या पुढच्या तपासणीला, पोचल्या तेव्हा आठ महिने गेले होते. नंबर स्वतःचा द्या. स्वतःचा फोन नसेल तर अशा बाईचा द्या जिच्याशी तुम्ही यावर मोकळं बोलू शकता: बहीण, जाऊ, शेजारीण, आरोग्यसेविका.

थांबा, तपासा: केसपेपरवर नाव आधारप्रमाणे आहे? वय बरोबर आहे? नंबर चालू आहे आणि तो तुमचाच आहे?

५. टेबलावर

आधी लघवी करून या. डॉक्टर विचारतील ती उत्तरं मनात तयार ठेवा: शेवटची पाळी कधी आली, बाळंतपणं किती, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, त्रास काही आहे का.

पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पाय बाजूला. चोचीसारखं उघडणारं एक साधन, स्पेक्युलम, योनीत घालतात, म्हणजे गर्भाशयमुख दिसतं. त्यावरून मऊ ब्रश फिरवून नमुना घेतात. काम दोन-तीन मिनिटांचं. दाब जाणवतो, थोडं ओढल्यासारखं होतं. व्हीआयएत किंचित झोंबतं. मूठ आवळून, श्वास रोखून धरलात तर आतले स्नायूही आवळतात आणि जास्त दुखतं. तोंडानं श्वास सोडत राहा, ढुंगण टेबलाला टेकलेलं ठेवा.

दुखलं तर "थांबा" म्हणा, तो तुमचा हक्क आहे. तपासणीच्या वेळी खोलीत बाई कर्मचारी हवी असं म्हणणं, पडदा ओढायला सांगणं, हेही हक्काचंच. लहान मापाचं स्पेक्युलम असतं, मूल न झालेल्या आणि पाळी गेलेल्या बायकांनी ते मागावं. मी बरोबर असते तेव्हा दाराशी उभी राहून सांगते, "ताईंना भीती वाटतेय, जरा हळू." एवढ्यानं फरक पडतो.

उठल्यावर लगेच निघू नका. नमुन्याच्या बाटलीवर किंवा काचपट्टीवर तुमचं नाव लिहिलंय ना, ते डोळ्यांनी बघा. नंतर एक-दोन दिवस हलका डाग पडू शकतो. पॅड भिजेल इतकं रक्त, ताप किंवा पोटात जोरात दुखणं असेल तर परत जा.

६. नमुना स्वतः घेणार असाल तर

एचपीव्ही तपासणीत ही सोय काही ठिकाणी असते. ज्या बायकांना टेबलावर चढायचीच लाज वाटते, त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. पीसीआर पद्धतीच्या तपासणीत स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच भरवशाचा ठरतो. पॅप मात्र अशी स्वतः करता येत नाही.

क्रम असा. हात साबणानं धुवा आणि कोरडे करा. नळीचं झाकण सैल करून ती सरळ उभी ठेवा. मगच ब्रशचं पाकीट फोडा. ब्रशच्या टोकाला बोट लावू नका, तो कशावर टेकवू नका. एक पाय उंचावर ठेवून उभ्या राहा किंवा उकिडव्या बसा. ब्रश योनीत दांड्यावरच्या खुणेपर्यंत, किंवा अडकल्यासारखं वाटेपर्यंत, हळू घाला. किटवर सांगितलंय तितक्या वेळा फिरवा. बाहेर काढा, सरळ नळीत घाला, झाकण घट्ट लावा. नळीवर नाव आणि तारीख लिहा.

एका ताईंनी ब्रश बाहेर काढला, नळाखाली नीट धुतला आणि मग नळीत घातला. घाण कशी द्यायची, असं त्यांना वाटलं. स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईचा हात आपोआप नळाकडे जातो, त्यांची चूक नाही. कुणी आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्या एकींनी नळीतलं पाणी औषध समजून ओतून दिलं. म्हणून लिहून ठेवते: ब्रश धुवायचा नाही, पुसायचा नाही, नळीतला द्रव सांडायचा नाही, प्यायचा नाही, अंगाला लावायचा नाही.

७. रिपोर्ट हातात घ्या

व्हीआयएचा निकाल तिथेच कळतो, तो केसपेपरवर लिहून घ्या. बाकी दोन्हींचा नंतर मिळतो. निघण्याआधी तारीख, खिडकी आणि वेळ लिहून घ्या. त्या दिवशी फोन आला नाही तरी जा. फोन न येण्याचा अर्थ रिपोर्ट चांगला असा होत नाही. तो अडकलेला, हरवलेला किंवा चुकीच्या नावावर गेलेला असू शकतो.

"सब ठीक है" असं कुणी तोंडी सांगितलं तर कागद मागा. कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि बहिणीला पाठवा. पावसात चाळीच्या खोल्यांत पाणी शिरतं, तेव्हा पहिले कागद जातात.

८. रिपोर्ट वाचायचा कसा

आधी नाव आणि वय जुळतं का बघा. मग निकाल.

एचपीव्ही निगेटिव्ह: ५ वर्षांनी पुन्हा. दर वर्षी करण्याची गरज नाही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह: हा कर्करोग नव्हे. विषाणू आहे, इतकंच याचा अर्थ. १६ किंवा १८ असेल तर सरळ कोल्पोस्कोपी. इतर धोकादायक प्रकार असतील तर आधी पॅप किंवा व्हीआयए, त्यात काही दिसलं तर कोल्पोस्कोपी, आणि नाही दिसलं तर डॉक्टर १२ ते २४ महिन्यांत एचपीव्ही पुन्हा करायला सांगतात.

नमुना अपुरा किंवा अवैध: निकालच लागलेला नाही, पुन्हा द्यायचा. या कागदाला "काही निघालं नाही" समजून कपाटात ठेवणाऱ्या बायका पॉझिटिव्ह रिपोर्टवाल्यांपेक्षा मला जास्त काळजीत टाकतात, कारण त्यांच्यामागे कुणीच लागत नाही.

पॅपच्या रिपोर्टवर इंग्रजी आद्याक्षरं असतात. एनआयएलएम म्हणजे पेशींत वाईट बदल नाही. त्याच्या बरोबर "सूज" लिहिलेलं असेल तर घाबरू नका, ते पुष्कळांना असतं. एएससी-यूएस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या वाटतात, नक्की सांगता येत नाही. इथे एचपीव्ही करून घेणं उपयोगी. एलएसआयएल म्हणजे सौम्य बदल, पुढे काय करायचं ते वय आणि एचपीव्हीवर ठरतं. एचएसआयएल (तीव्र बदल), एएससी-एच (तीव्र बदलाची शंका) किंवा एजीसी (आतल्या ग्रंथींच्या पेशी वेगळ्या वाटतात) यातलं काही लिहिलं असेल तर कोल्पोस्कोपी लांबवू नका. गणपती, लग्नसराई, परीक्षा यातल्या कशासाठीही नाही.

९. पॉझिटिव्ह आल्यावर

कोल्पोस्कोपी म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख मोठं करून बघणं. ती ठराविक वारीच होते, म्हणून नंबर लगेच लावा. तयारी नमुन्याच्या वेळेसारखीच. शंका वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, तीच बायोप्सी. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे खरं नाही. उलट त्या तुकड्याशिवाय उपचार ठरत नाही.

बायोप्सीत सीआयएन १, २ किंवा ३ असं येतं. ही कर्करोगाआधीची अवस्था आहे. १ बहुतेक आपोआप जातं, त्यावर लक्ष ठेवतात. २ आणि ३ ला सहसा उपचार लागतो: तो भाग गोठवून किंवा उष्णतेनं जाळून टाकतात, नाहीतर तारेच्या कड्यानं तेवढाच थर काढतात, त्याला लीप म्हणतात. बहुतेक बायका त्याच दिवशी घरी जातात. नंतर ४ आठवडे संबंध नको, जड बादल्या उचलणं नको, आणि पाण्यासारखा स्राव जात राहील हे घरी आधीच सांगून ठेवा.

सावधान: नुसत्या पॉझिटिव्ह एचपीव्हीवर "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला तर सही करू नका. कोल्पोस्कोपी आणि बायोप्सीचा कागद हातात आल्याशिवाय पिशवीचा विषयच येत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा टाटामध्ये दुसरं मत घ्या. तसंच एचपीव्ही मारणारी कोणतीही गोळी, काढा किंवा योनीत ठेवायची कॅप्सूल नाही. विषाणू शरीरच घालवतं. डॉक्टर उपचार करतात ते बदललेल्या पेशींवर.

आता घरातलं बोलू. "मला हा विषाणू कुठून आला?" हा प्रश्न ओपीडीत कुणी मोठ्यानं विचारत नाही, बाहेर जिन्यावर माझा हात धरून विचारतात. उत्तर असं: शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतो. तो वर्षानुवर्षं गप्प राहून मग सापडू शकतो. त्यामुळे या रिपोर्टवरून कोण कधी चुकलं हे ठरत नाही, ना बाईचं ना नवऱ्याचं. नवऱ्याला सांगायचं तर हेच वाक्य सांगा, आणि डॉक्टरांसमोर सांगता आलं तर जास्त बरं. ताटं-वाट्या, टॉवेल वेगळे करायची काहीच गरज नाही. सासूनं एकीची अंघोळीची बादली वेगळी केली होती. ती मी स्वतः जाऊन परत एकत्र ठेवायला लावली.

बायोप्सीत कर्करोगच निघाला, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, त्याच दिवशी भेटा, उपचार सुरू झाल्यावर नव्हे. कागदांवरचं नाव जुळण्याचा फायदा इथे पुन्हा दिसतो.

१०. पुढची तारीख

निगेटिव्ह असो वा पॉझिटिव्ह, रिपोर्टवर पेनानं दोन गोष्टी लिहा: कोणती तपासणी झाली आणि पुढची कोणत्या महिन्यात. लीप किंवा दुसरा उपचार झाला असेल तर पुन्हा तपासणी ६ ते १२ महिन्यांत असते आणि त्यानंतरही अनेक वर्षं चालू राहते. "उपचार झाला, संपलं" असं धरून याच बायका येणं बंद करतात.

पाच वर्षांपुढची तारीख फोनमध्ये टिकत नाही. फोन बदलतो, नंबर बदलतो. आमच्या चाळीत आम्ही एक पद्धत पाडलीय. डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की जुनं खाली उतरवताना त्याच्या शेवटच्या पानावर लिहिलेली तपासणीची नोंद नव्याच्या शेवटच्या पानावर उतरवायची: नाव, कोणती तपासणी, पुढची कोणत्या साली. घरात तिशीपुढच्या जितक्या बायका, तितक्या ओळी. ज्या सालचं कालनिर्णय भिंतीवर चढलं त्याच सालची ओळ असेल, तर त्याच दिवशी पाळीच्या हिशेबानं जानेवारीतली तारीख धरायची.